घड्याळजींचा कान

"एक दोष काढून दाखवा, किल्ली तुमची," घड्याळजी म्हणाले आणि त्यांनी किल्ली टेबलावर आपटली.

जावयाने कपाळाला हात लावला. गाड्यांच्या शोरूममध्ये रोज दहा गिऱ्हाइकांना पटवणारा माणूस, पण सासऱ्यापुढे त्याची डाळ शिजत नव्हती. जुनी गाडी मोडीत द्या, योजनेत नव्या गाडीवर घसघशीत सूट मिळते, महिनाअखेरीला मुदत संपतेय, हे त्याने तीन रविवार सांगून पाहिलं होतं. घड्याळजींनी तिन्ही रविवारी त्याला चहा पाजून वाटेला लावलं होतं.

सूट हे खरं तर निमित्त होतं. घड्याळजींच्या मुलीच्या जिवाला घोर लागला होता. बाहत्तरीचा बाप त्या खटाऱ्यात बसून गावभर हिंडतो आणि आईलाही शेजारी बसवतो, एखाद्या दिवशी ब्रेक गेले तर? तिनेच नवऱ्याच्या मागे लकडा लावला होता.

घड्याळजींचं म्हणणं साधं होतं. चालती वस्तू मोडायची नाही. भंगारवाल्यानेही नको म्हटलेली घड्याळं त्यांनी चाळीस वर्षं टिकटिकती करून दिली होती. आणि आता कालचा पोरगा सांगणार, सव्वीस वर्षं झाली म्हणून गाडी मेली? मग मलाही द्या मोडीत आणि सवलतीत नवा सासरा आणा, असं ते म्हणाले. कंपनीने हे मॉडेल वीस वर्षं काढलं, एक स्क्रू बदलला नाही, कारण बदलण्यासारखं त्यात काही नव्हतंच, असंही त्यांनी ऐकवलं.

त्यांच्या पत्नी, बाई, शेजारी बसून मटार सोलत होत्या. गाडी त्यांच्याच नावावर होती, कारण कागद, सह्या, विमा म्हटलं की घड्याळजींच्या कपाळाला आठ्या पडत. जावयाने आशेने त्यांच्याकडे पाहिलं.

"यांनी ठरवलंय ना, मग होऊ दे तपासणी," बाई म्हणाल्या.

जावयाला नवल वाटलं. याच बाई चार वर्षांपूर्वी गाडीत बसायला तयार नव्हत्या. त्यांच्या पायाखालचा पत्रा गंजून खालचा रस्ता दिसायला लागला होता. घड्याळजींनी त्यावर रबरी चटई टाकली आणि विषय संपवला. पुढे घड्याळजींच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले आणि डॉक्टरांनी दोन महिने गाडीला हात लावू दिला नाही. तेवढ्यात बाईंनी ओळखीच्या गॅरेजात गाडीचं थोडं काम करून घेतलं. तेव्हापासून त्यांची तक्रार बंद झाली होती.

त्या ऑपरेशनची गोष्ट घड्याळजी येईल त्याला सांगत. रंग उजळ दिसतील असं डॉक्टर म्हणाले होते, तसेच दिसले. खिडकीचे पडदे, बाईंचे पांढरे केस, सगळं धुऊन काढल्यासारखं. आणि गाडीचा निळा रंग तर असा, की जणू कालच घेतली. विश्रांती मिळाली की यंत्रालाही बरं वाटतं, तिचा आवाज किती सुधारला, हेही ते हमखास सांगत.

सोमवारी तिघं शोरूमच्या वर्कशॉपमध्ये गेले. घड्याळजींनी गाडी स्वतः चालवत नेली. केस पिकलेल्या मेकॅनिकने ती वर उचलून खालून बॅटरी मारली, पत्रा ठोकून पाहिला, ब्रेक तपासले. घड्याळजी हात मागे बांधून उभे होते. दोन-चार गिऱ्हाइकं जमली तशी त्यांना जोर चढला.

"ऐका," ते इंजिनाकडे बोट दाखवून म्हणाले. "हा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखेन. माझ्या कानाला कोणी फसवू शकत नाही."

मेकॅनिकने बॉनेट उघडलं आणि आतली, बनावटीचं साल कोरलेली पत्र्याची छोटी पट्टी फडक्याने पुसून वाचली. मग पुन्हा वाचली. त्याने कागद मागितले.

बाईंनी पर्स छातीशी धरली. "दोष निघाला का?"

"नाही."

"मग कागद कशाला?"

मेकॅनिक क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने बॉनेट हलकेच लावलं. "दोष नाही साहेब. सव्वीस वर्षांची अशी गाडी मी जन्मात पाहिली नाही," तो जावयाला म्हणाला.

घड्याळजींनी किल्ली खिशात टाकली. परतताना त्यांनी सिग्नलला शेजारच्या कोऱ्या गाडीतल्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारलं, की बोला, कोण भंगार? घरी पोचल्यावर बादली घेऊन ते गाडी धुवायला गेले, ते शीळ घालतच.

जावई स्वयंपाकघरात मान खाली घालून बसला होता. बायकोला काय सांगायचं, हा त्याच्यापुढे प्रश्न होता.

"आई, खरं सांगा. या गाडीत बसायची तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटायची," बाई म्हणाल्या.

"आणि माझ्या योजनेचं काय? गाडी मोडीत देणं परवडत नाही, असं तुम्हालाही वाटतं?"

बाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. घड्याळजी नंबरप्लेटवर साबण चोळत होते. बाई आतल्या खोलीत गेल्या, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि एक प्लास्टिकची पिशवी आणून त्यांनी जावयाच्या हातात दिली.

"परवडतं हो. चांगलं परवडतं. फक्त यांना सांगू नका."

पिशवीत दोन कागद होते. वरची पावती जुना नंबर दुसऱ्या गाडीसाठी राखून ठेवल्याची होती. खाली तोच नंबर असलेली निळी गाडी मोडीत काढल्याचा दाखला होता, चार वर्षांपूर्वीचा, घड्याळजींच्या डोळ्यांवर पट्टी होती त्या आठवड्यातला.