पोट भरल्याची खबर

डॉक्टर सदाशिवरावांनी गंगीच्या मनगटावरचा दोराचा वळ पाहिला आणि हातातली नळी टेबलावर ठेवली.

“पोरीला बांधून ठेवता तुम्ही?”

कौसल्या खाली मान घालून उभी राहिली. “बांधावंच लागते, साहेब. मी जिनात जातो, कापसाच्या कामाले. मांगं मोकळी सोडली होती तं ढोरायची सरकी खाल्ली. कच्ची, ओंजळी भरभरून. मरता मरता वाचली.”

गंगी सात वर्षांची. अंगावर आईचं जुनं झंपर, तेही तिच्या लठ्ठ अंगाला तंग होऊन काखेत उसवलेलं. थोडं चाललं तरी तिला धाप लागे, म्हणून दिग्रसच्या या दवाखान्यात तिला बैलगाडीतून आणावं लागलं होतं. आता ती बाकावर बसून कंपाउंडरच्या जेवणाच्या डब्याकडे एकटक बघत होती.

“घरी काय खाते?”

“आमी खातो तेच. भाकर, असली तं दाळ. आमच्याहून कमीच देतो. तिचा बाप म्हणते, तूच चोरून चारतं तिले. वस्तीत कोनाच्या चुलीवरची भाकर गेली का गंगीचंच नाव निंगते.” कौसल्याने गंगीचा जाडजूड दंड पुढे केला. “मजुराच्या घरी असं अंग कोनाचं असते का, साहेब? कोनाले खरंच वाटत नाई.”

अंग उतरावं म्हणून डॉक्टरांनी पावसाळ्यात यवतमाळहून ग्रंथींच्या अर्काच्या गोळ्या मागवून दिल्या होत्या. त्या गोळ्यांनी गंगीची छाती धडधडली, झोप उडाली. भूक होती तशीच राहिली.

“त्या गोळ्या आता बंद करा,” ते म्हणाले.

“मंग दुसऱ्या?”

“दुसऱ्या नाहीत.”

हे फार तुटक झालं असं त्यांनाच वाटलं असावं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “हे बघा बाई, पोट भरलं की अंगातून डोक्याला खबर जाते. आता पुरे, अशी. हिच्या अंगातून ती निघतही असेल. पण डोक्यात ती घेणारं कुणी नाही, असं मला वाटतं. नुसतं वाटतं. नक्की कुणालाच ठाऊक नाही. नागपूरला नाही, मुंबईलाही नाही.”

कौसल्याने ते नीट ऐकून घेतलं.

“म्हंजे जेवली तरी ते उपाशीच ऱ्हायते.”

“हो.”

“अन् मी मारलं तिले त्याच्यापायी...” तिने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

“माय,” गंगी म्हणाली, “त्या डब्यात काय हाये?”

बाहेर कडुनिंबाखाली कौसल्याची जाऊ तुळसाबाई बसली होती. तिच्या मांडीवर कौसल्याचा पाच महिन्यांचा पोरगा किंचाळत होता. “घे वो बाई याले,” ती म्हणाली. “आत्ताच तं पाजून गेलती तू.”

कौसल्या गंगीला टेकून बसली आणि पोराला पदराखाली घेतलं. तो तुटून पडला. पलीकडे एक म्हातारी नंबराची वाट बघत होती. ती सरकत जवळ आली आणि पोराच्या मांडीवरच्या वळ्यांवरून तिने कौतुकाने बोट फिरवलं.

“कसं गुटगुटीत लेकरू हाये वो! दिष्ट काढत जाय बाई याची.”

दूध संपलं. पोरगा सोडेना. कौसल्याने त्याला ओढून वेगळं केलं, तसा तो पुन्हा किंचाळायला लागला. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

“गंगीचीबी काढत होतो,” ती म्हणाली.