तुझी शपथ

“श्वास सोड. धरून ठेव,” काचेपलीकडून मारिट माइकवर म्हणाली. एमआरआयमध्ये झोपलेल्या भावाच्या बरगड्यांवर बांधलेली चकती थरथरू लागली. यकृत मऊ आहे की कडक, ते त्या लाटांवरून कळतं.

“गुदगुल्या होतात, तायडे!”

“गप पड, गुन्नार. शनिवारी कुठे होतास?”

“तळ्यावर. बर्फाला भोक पाडून मासे धरत.”

“आणि थर्मासमध्ये?”

“नुसती कॉफी! चार वर्षांत दारूचा थेंब नाही. तुझी शपथ.”

“श्वास सोड. धर.”

पडद्यावर निळं म्हणजे मऊ, निरोगी. सगळं लाल होतं.

“झालं? श्वास घेऊ?”

मारिटचा हात स्वतःच्या पोटावरच्या लांब व्रणावर गेला. ते लाल यकृत म्हणजे चार वर्षांपूर्वी तिथूनच काढून त्याला बसवलेला तिच्या यकृताचा तुकडा होता.