डुलकीची टोपी

थोरलीला जुळी झाली, त्या वर्षीची गोष्ट. दोन खोल्यांच्या घरात एक पोर गप्प झालं की दुसरं भोकाड पसरायचं. घरात राहणाऱ्या मामाच्या डोळ्याला डोळा लागत नसे. त्याची खरी झोप व्हायची ती ट्रकमध्ये, सीटमागच्या फळीवर, जोडीदार गाडी चालवत असताना. त्याच वर्षी थोरलीच्या पाठच्या बहिणीनं, कॉलेजात शिकणाऱ्या धाकटीनं, मामासाठी डुलकीची टोपी केली.

टोपी साधीच, उन्हात घालतात तसली. आतल्या पट्टीत मानेचा कल ओळखणारा सेन्सर, मागे अंगठ्याएवढं सर्किट, कानाजवळ जुन्या मोबाइलमधली मोटर. मान पुढे कलली की मोटर थरथरायची. पहिल्या फेरीत तर फजितीच झाली. समोरून ओळखीचा ड्रायव्हर आला की मामा मान झुकवून सलाम करी, आणि टोपीला वाटे, हा झोपला. वैतागून त्यानं सलाम करणंच सोडलं, तर 'मामा माजला' असा रस्ताभर बोभाटा. मग धाकटीनं प्रोग्रॅम सुधारला. मान लगेच वर आली तर टोपीनं गप्प बसायचं, खालीच राहिली तर थरथरायचं.

मामाला तिनं बजावलं होतं, "टोपी थरथरली की गाडी बाजूला घ्यायची आणि उंटाला उठवायचं. मग तू झोपायचं. कळलं?"

उंट म्हणजे मामाचा जोडीदार. गुडघे हनुवटीला लावल्याशिवाय त्या फळीवर मावायचा नाही, म्हणून उंट.

आणि आज मालकानं धाकटीला ट्रकच्या तळावर बोलावून घेतलं होतं. सगळ्या ड्रायव्हरांसमोर तिच्या हातात फुलांचा गुच्छ दिला. तेलकट हातांच्या टाळ्या झाल्या.

"पोरीनं नाव काढलं!" मालक म्हणाला. "आता अशी टोपी प्रत्येक गाडीवर. आपल्या मेस्त्रीनं बनवायला घेतल्यासुद्धा."

धाकटीला कोण आनंद झाला. मेस्त्रीनं कौतुकानं प्रोग्रॅम मागितला, तेव्हा तिनं तो हौसेनं दिला होता, वर समजावूनही सांगितला होता.

"झोपेची भीतीच गेली," मालक पुढे म्हणाला. "तेव्हा आता एका गाडीवर एकच ड्रायव्हर. जोडीदारांनी उद्यापासून यायची गरज नाही."

टाळ्या थांबल्या. एकच माणूस अजून वाजवत होता. तो उंट होता. त्याला सगळंच जरा उशिरा कळायचं.

"काका, ऐका," धाकटी म्हणाली. "ही टोपी झोप मोडते. झोप देत नाही."

"मग मोडायलाच हवी की! कामावर कुणी झोपतं का?"

"थरथरली की जोडीदाराला उठवायचं, म्हणून केलीय मी ती! एकट्यानं हाकायला नाही!"

"असं टोपीत कुठे आहे?" मालकानं वळून विचारलं, "काय हो मेस्त्री, आहे का तसं काही?"

मेस्त्री खाली बघत म्हणाला, "मान कलली की मोटर. बाकी काही नाही."

ते खरंच होतं. जोडीदाराचं तिनं मामाला सांगितलं होतं. टोपीला सांगायचं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं मामाच्या डोक्यावरच्या टोपीला हात घातला. मामानं दोन्ही हातांनी टोपी घट्ट धरली.

"सोड, मामा. माझी आहे ती."

"धाकटे, घरी बोलू."

"घरी तू जागाच असतोस! इथेही जागाच राहणार? मग झोपणार कधी?"

"हळू बोल," मामा पुटपुटला. "त्याचं काम गेलं. माझं तरी राहू दे."

ती ड्रायव्हरांकडे वळली. "तुम्ही तरी बोला की! सगळ्यांच्या डोक्यावर येणार आहे ही!"

कुणी टायरकडे बघू लागलं, कुणी आभाळाकडे. बोलला तो एकटा उंट.

"पोरी, आता एक पट्टा कर," तो म्हणाला. "पोटावर बांधायचा. भूक लागली की थरथरणारा. म्हणजे मालकांना जेवणाची सुट्टीही द्यायला नको."

सगळ्यांत मोठ्यानं मालकच हसला. "बघा, जाता जाता हासुद्धा शोध लावायला लागला!"

धाकटीनं गुच्छ मालकाच्या टेबलावर आदळला. पाकळ्या कागदांवर पसरल्या. मालकानं त्या फुंकरीनं उडवल्या आणि मामाला गाडी काढायला सांगितलं.

उंट केबिनमध्ये चढला. फळीवरची आपली चादर त्यानं ओढून काढली, घडी न घालताच काखेत मारली. मग उशीला हात घातला.

"उशी राहू दे," मामा म्हणाला. "मी आणलेली आहे ती."

"राहू देतो," उंट म्हणाला. "पण तू गाडी चालवणार, मग तिच्यावर झोपणार कोण?"

मामानं टोपी नीट बसवली, काच वर केली आणि गाडी काढली. धाकटी फाटकापर्यंत गाडीबरोबर चालत गेली. काचेवर थापा मारत ओरडत होती, "बाजूला घे! थरथरली की बाजूला घे आणि झोप! उशीर झाला तर होऊ दे!" आतून मामा हात हलवत होता. त्याला ऐकू जात होतं की नाही, कोण जाणे.

पुढे चौकशीला माणसं आली, तेव्हा टोपी उत्तम चालू होती, असं मालकानं सांगितलं. ते खोटं नव्हतं.

मामा वारला पुढच्या वर्षी, मार्चमधल्या एका सोमवारी, सकाळी, लख्ख उन्हात, सरळ रस्त्यावर.