निरोप्या

तीन दिवस गाडी हाकून आणि आईबाबांचे निरोप इकडून तिकडे पोचवून मुलाचा पार पिट्टा पडला होता. प्रवासाच्या पहिल्याच दिवशी दोघांनी अबोला धरला होता. वाटेतल्या एका गावात एकाच छपराखाली बिअर बनवणारं आणि कॉफीही भाजणारं दुकान होतं, तिथे ते थांबले. बाबा बिअरच्या टाक्यांजवळ बसले, आई थेट दुसऱ्या टोकाला, कॉफीच्या यंत्राशी.

"तुझ्या आईला सांग, रिकाम्या पोटी कॉफी नको."

"तुझ्या बाबांना सांग, एकच ग्लास!"

चार खेपा घातल्यावर तो वैतागला आणि टाक्या बघायच्या निमित्ताने मागे सटकला. तिथे टाकीआडून त्याला चक्क आईचं हसू ऐकू आलं. ती बाबांच्या शेजारी बसून त्यांच्याच ग्लासातला घोट घेत होती.

"पुरे की आता हे नाटक," बाबा म्हणाले. "पोरगं दमलंय."

"अहो, घरी पोचेपर्यंत कळ काढा. आपण बोलायला लागलो, की तो परत फोनमध्ये तोंड खुपसून बसेल."

तो जरा वेळ काढून बाहेर आला, तेव्हा आई आपल्या जागेवर तोंड फुगवून बसली होती. खिशातला फोन वाजत होता. त्याने तो बंद केला.

"आई, बाबांना काही निरोप?"