एकतीस पाकिटं

१९८६ साली, निवडणुकीला बारा दिवस राहिले असताना, पोस्टमनने आपली पिशवी वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यातल्या लाल पेटीवर टेकवली आणि एकतीस लांबट पाकिटं मोजून दिली. टपालाने मत द्यायची खास परवानगी आश्रमाला त्या वर्षी पहिल्यांदाच मिळाली होती. मतदान केंद्र शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर, आणि आश्रमातल्या एकतीस जणांत धड गुडघे चौघांचेही नव्हते.

नगरपालिकेच्या या निवडणुकीत उभे होते दोघंच, गावातला बसमालक आणि चष्म्याच्या दुकानाचा मालक. बसमालकाला आश्रमाची जागा गाड्या लावायला हवी होती. निवडून आलो की नगरपालिकेकडून ती घेणार, हे तो उघड सांगत फिरत होता. चष्मेवाला म्हणत होता, मी आहे तोवर आश्रम हलणार नाही.

"आपलं अंथरूण कुठे पडणार, ते या कागदावर ठरणार आहे," टीसी म्हणाला. रेल्वेत चौतीस वर्षं तिकिटं तपासलेला माणूस. आश्रमात त्याला दुसरं नाव नव्हतं. दोन दिवस त्याने जेवणघरात सगळ्यांकडून सराव करून घेतला. मतपत्रिका छोट्या पाकिटात, छोटं पाकीट मोठ्यात, मोठ्यावर सही. त्या काळी पाकिटाचा डिंक जिभेला गोडसर लागायचा.

"सही वाकडी आली तर?" मास्तरीणबाईंनी विचारलं. त्यांचा हात थरथरायचा.

"वाकडी चालते. दुसऱ्याची चालत नाही."

"जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडल्या मी. आता तुम्ही मला शिकवा."

नवा व्यवस्थापक दाराशी येऊन उभा राहिला. दीड वर्षापूर्वी आश्रम सांभाळणाऱ्या मेट्रनबाई एका दुपारी अचानक वारल्या, तेव्हा नगरपालिकेने त्याला पाठवलं होतं. "आजोबा, सगळा गठ्ठा माझ्याकडे द्या. पोस्टात मी नेऊन देतो. सायकलवर दहा मिनिटांचं काम."



"तुमचा पगार कोण देतं?" टीसीने विचारलं.

"नगरपालिका."

"मग राहू दे. मत दुसऱ्याच्या हातात द्यायचं नसतं. व्हरांड्यात पेटी आहे."

तो ओशाळून हसला आणि निघून गेला.

ती पेटी मेट्रनबाईंनीच बसवली होती, म्हाताऱ्यांना रस्ता ओलांडायला लागू नये म्हणून. छातीएवढी उंच, लोखंडी. बाईंचं सगळंच दणकट. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. शनिवारी खांद्याला भली मोठी कापडी पिशवी लावून त्या बाजारात जायच्या आणि येताना कुणाला लोकर, कुणाला तपकीर आणायच्या. त्या होत्या तोवर मुलांची उत्तरंही वेळच्या वेळी यायची. त्या गेल्या, भाची येऊन चष्मा, साड्या, जुडगा सगळं घेऊन गेली, आणि मग उत्तरं आटत गेली.

"बाईंचा धाक होता पोरांना," मास्तरीणबाई म्हणायच्या. "दटावून लिहायला लावत असणार. आता कोण विचारतं."

टीसीच्या मुलाचं शेवटचं पत्र येऊन सव्वा वर्ष झालं होतं. ‘बाबा, तीन महिने तुमचं पत्र नाही. रागावलात का?’ टीसी दर रविवारी न चुकता लिहीत होता. ते पत्र त्याने सगळ्यांना वाचून दाखवलं.

"वेळ नाही म्हणाला असता तरी चाललं असतं. आता खोटंही बोलायला लागला."

त्यावर त्याने चार ओळींचं उत्तर पेटीत टाकलं. त्यानंतर मुलाला लिहिलं नाही.

मतं टाकायच्या दुपारी व्हरांड्यात रांग लागली. काठ्या, खुर्च्या, एक चाकांची खाट. टीसीने जुना काळा कोट चढवला होता. प्रत्येक पाकीट उलटून तो सही बघायचा आणि म्हणायचा, "पुढे."

"दंड नाही ना?" चाकांच्या खाटेवरच्या आजींनी विचारलं.

"आज सगळ्यांकडे तिकीट आहे."

शेवटचं पाकीट त्याने स्वतःचं टाकलं आणि कान लावला. पूर्वी पाकीट तळाला लागलं की टप् असा आवाज यायचा. आता काही ऐकू आलं नाही.

"कान गेले," तो पुटपुटला.

बसमालक एकोणीस मतांनी निवडून आला. त्या संध्याकाळी ताटं तशीच परत गेली.

"आपली एकतीस नसती तर पन्नासांनी हरलो असतो," मास्तरीणबाईंनी हिशोब मांडला.

"म्हणजे आपण कमी पडलो नाही," टीसी म्हणाला. "गाव कमी पडलं."

तीन महिन्यांत आश्रम रिकामा झाला आणि मंडळी चार गावांत विखुरली. चाकांच्या खाटेवरच्या आजी प्रवासातच गेल्या. मास्तरीणबाई आणखी दोन वर्षं होत्या. शेवटी शेवटी खिडकीला पाढे शिकवायच्या. टीसी धर्मादाय दवाखान्याच्या लांबलचक खोलीत पुढच्या हिवाळ्यात गेला. मुलाचा पत्ता विचारला, तेव्हा मला मुलगा नाही, असं त्याने लिहून घ्यायला लावलं. चष्मेवाल्याने दुकान विकलं. व्यवस्थापकाची बदली झाली आणि त्याला निरोप द्यायला कुणी उठलं नाही. बसमालक आणखी दोनदा निवडून आला.

व्हरांडा पाडायच्या दिवशी कंत्राटदाराने पोस्टमनला बोलावून लाल पेटीची किल्ली मागितली.

"माझ्याकडे कुठली?" पोस्टमन म्हणाला. "पेटी मेट्रनबाईंची स्वतःची. किल्ली त्यांच्या जुडग्यात असायची. शनिवारी पिशवीत भरून पत्रं त्याच पोस्टात आणून द्यायच्या."

मग कुलपावर घण घातला. सगळ्यात वर एकतीस लांबट पाकिटं होती, आणि त्यांच्या खाली दीड वर्षाची पत्रं.