अंगठा

कंपनीत जमीन गेली तवा तलाठ्यानं घरातल्या समद्यांचे अंगठे घेतले. माझ्या थोरल्या भावानं, भैरूदादानं, बी हात पुढं केला.

"येड्याचा अंगठा चालत न्हाई," तलाठी हसला.

गावात दादाला कुणी पुसत न्हाई. बेंदराला पुजायचे मातीचे बैल मात्र त्याच्याच हातचे लागतात. यंदा बघतो तर दर बैलाच्या पाठीवर अंगठ्याचा ठसा! माझं डोकंच फिरलं.

"दादा, असले डागाळलेले बैल कोण पुजंल?"

माती ओली हुती तवर फडकं घेतलं आन समदे ठसे पुसून टाकले.

दादा गुळगुळीत पाठीवरनं बोट फिरवत बसला.

"हितं मी हुतो," म्हणाला. "तू मलाच पुसलंस."