एवुरामाच्या आईचा फोटो

शाळेच्या शेवटच्या वर्षी माझा प्रकल्प होता, आमच्या एल्मिना गावाच्या किनाऱ्यावर भट्टीच्या धुरावर मासे सुकवणाऱ्या बायकांचे फोटो. दर शनिवारी धाकट्या मुलींना कॅमेरा शिकवायचं कामही माझ्याकडेच होतं.

बारा वर्षांच्या एवुरामानं आपल्या आईचा फोटो काढून आणला. भट्टीच्या धुरातून आई हसत वळली होती, पण सगळा फोटो हललेला.

"अगं, ही आई आहे की भूत?" मी म्हणाले. बाकीच्या मुली खिदळल्या. "असले फोटो ठेवायचे नसतात. पुसून टाक, पुढच्या शनिवारी नीट काढ."

तिनं माझ्यासमोरच तो कॅमेऱ्यातून पुसला.

गुरुवारी बाजाराला निघालेला ट्रक उलटला आणि त्यात तिची आई गेली. मयताला लावायच्या मोठ्या फोटोसाठी घरात फक्त ओळखपत्रावरचा नखाएवढा चेहरा होता. माझ्या तीनशे फोटोंतही ती नव्हती. त्यांची भट्टी पार टोकाला, तिथवर मी कधी गेलेच नव्हते.

शनिवारी एवुरामा आली. "मान्साताई, पुसलेला फोटो परत आणता येतो का?"

मी मान खाली घालून कॅमेऱ्यातले फोटो मागेपुढे सरकवत राहिले. तिला वाटलं, मी रागावलेय.

"हललेला असला तरी चालेल, ताई."